पूर्वी गेल्याचा दाखला

हेडक्लार्कांनी स्वतःच्याच अर्जावर त्रुटी काढली, ती एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी. वेळ मुद्दाम सांगितली, कारण पुढे काही भल्या माणसांनी "भुकेच्या भरात काढली असेल" असं म्हणून त्यांची बाजू सावरायचा प्रयत्न केला. तसं काही नव्हतं. हेडक्लार्कांचा डबा एक वाजता उघडतो आणि त्यांच्या त्रुट्या त्याआधी, पूर्ण शुद्धीत निघतात.

अर्ज साधा होता. शहरापासून दोन तासांवर नदी डोंगर फोडून जाते, तिथे एक अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि मधून पाणी खडकांवर आपटत, फेसाळत धावतं. या घळीतून कयाकमधून खाली जायचं, असा तिघा मित्रांचा बेत होता. कयाक म्हणजे हवा भरून फुगवलेली लांबट होडी. तीत दोन माणसं पुढे-मागे बसतात, दोघांच्या हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकेक वल्हं असतं, आणि बाकी सगळं नदीच्या मर्जीवर असतं.

घळीत उतरायला परवाना लागतो. तो ज्या कार्यालयातून मिळतो, त्याच कार्यालयात आपले हेडक्लार्क एकतीस वर्षं बसत होते. त्यामुळे बाकीचे दोघे निर्धास्त होते. "परवान्याचं काय, घरचंच काम आहे," असं केमिस्ट म्हणाले. इतक्या वर्षांची मैत्री असूनही माणसाला माणूस कळत नाही तो असा.

परवान्याच्या नियमात कलम चार होतं: 'अर्जदाराने सदर घळीतून यापूर्वी किमान एकदा सुरक्षित प्रवास केल्याचा दाखला जोडावा.' म्हणजे आधी गेलेला असेल त्यालाच जाता येईल. आणि परवान्याशिवाय जाता येत नसल्यामुळे नवीन कुणी गेलेलं असणं शक्य नव्हतं, आणि नियमाआधी गेलेल्यांना दाखला कुणी दिलाच नव्हता. हे कलम बारा वर्षांपूर्वी लागू झालं आणि तेव्हापासून घळीत एकही अपघात झाला नाही. एकही परवानाही दिला गेला नव्हता, पण ती बाब तक्त्यात वेगळ्या रकान्यात होती. 'शून्य अपघात' याबद्दल कार्यालयाला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते साहेबांच्या खुर्चीमागे चौकटीत लटकत होतं.

कलम चार कुणी लिहिलं होतं, हे वाचकांनी ओळखलं असेलच.

तर हेडक्लार्कांनी अर्ज उघडला. अर्जदार म्हणून स्वतःची सही पाहिली, ती नमुना सहीशी ताडून पाहिली, आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'दाखला जोडलेला नाही. अर्जदाराने पंधरा दिवसांत पूर्तता करावी.' मग डबा उघडला.

आता हा बेत ठरला कसा ते सांगायला हवं, नाहीतर पन्नाशी ओलांडलेल्या तीन माणसांना वेड लागलं होतं असा समज होईल. केमिस्टांच्या औषधाच्या दुकानात, काउंटरमागे एक बाकडं होतं. दर रविवारी सकाळी तिथे तिघं बसत: केमिस्ट, भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि हेडक्लार्क. बाकड्यावर त्यांनी आजवर दीपस्तंभ पाहिला होता, वाळवंट ओलांडलं होतं, बर्फात तंबू ठोकले होते. प्रत्यक्षात तिघं मिळून एकदाही कुठे गेलेले नव्हते. दरवेळी काहीतरी आडवं येई, आणि ते काहीतरी बहुतेक वेळा हेडक्लार्कांच्या बॅगेतून निघे. कधी रजेचा नियम, कधी हवामानाचा अंदाज, कधी तंबूच्या कापडाबद्दल वाचलेला लेख. मित्र त्यांना 'त्रुट्या' म्हणत ते उगाच नाही.

यंदा मात्र केमिस्टांनी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. गुडघे उभं राहू देत नव्हते, आणि लेकीनं कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं. तिचं शहर दोन दिवसांच्या प्रवासावर. तीस तारखेला ते जाणार होते. महिन्याच्या पहिल्याच रविवारी, रिकाम्या फळ्यांकडे बघत ते म्हणाले होते, "एकदा तरी जाऊ या रे. बाकड्यावरून नाही. खरंच." मास्तरांनी लगेच औषधाच्या खोक्यावर घळीचा नकाशा काढला. हेडक्लार्कही "जाऊ या" म्हणाले होते. म्हणजे जायचं तर तीस तारखेच्या आत, नाहीतर कधीच नाही.

आणि हेडक्लार्कांना पोहता येत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्रुटीचं पत्र रीतसर पोस्टानं घरी गेलं. बायकोनं सही करून घेतलं, वाचलं आणि चहाच्या कपाबरोबर समोर ठेवलं. "अहो, तुमच्या ऑफिसातल्या कुणा शहाण्याचं पत्र आलंय."

हेडक्लार्कांनी पत्र वाचलं. अर्जदार या नात्यानं त्यांना ते अतिशय झोंबलं. भाषा किती कोरडी! समोरचा माणूस जिवंत आहे याचीही दखल नाही. त्यांनी त्याच बैठकीत सडेतोड उत्तर लिहिलं, की असा दाखला मिळणं अशक्य आहे, आणि कार्यालयानं अर्जदाराचा अंत पाहू नये. तिसऱ्या दिवशी ते उत्तर कार्यालयात त्यांच्याच टेबलावर आलं. हेडक्लार्क या नात्यानं त्यांना अर्जदाराचा सूर उद्धट वाटला. त्यांनी शेरा मारला, 'पूर्तता समाधानकारक नाही.'

"तुम्ही दोघं समोरासमोर बसून मिटवत का नाही?" बायको म्हणाली.

इकडे सराव सुरू झाला होता. मास्तरांच्या मते कुठलीही गोष्ट आधी कोरड्यात आली पाहिजे. त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर खडूनं नदी आखली, खडक म्हणून कुंड्या मांडल्या आणि होडी म्हणून चाकांच्या दोन खुर्च्या दोरीनं बांधल्या. पुढच्या खुर्चीवर हेडक्लार्क, मागच्या खुर्चीवर केमिस्ट, हातात फरशी पुसायच्या दांड्या. मास्तर पाण्याच्या टाकीवर उभे राहून "साठ अंश डावीकडे!" असं ओरडत. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो, हे भूमितीच्या मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं. तिसऱ्या फेरीला खुर्च्या सुटल्या, खडूच्या नदीचा काठ ओलांडून गेल्या आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांच्या सात कुंड्यांतून आरपार गेल्या.

बँक मॅनेजर वर आले ते भांडायलाच. पण बेत कळल्यावर त्यांनी भांडण बाजूला ठेवलं, कारण त्यांना सल्ला देता येणार होता. "पाण्यात पडलात तर तोंड बंद ठेवा," ते म्हणाले. "माझा एक मावसभाऊ केवळ तोंड उघडं ठेवल्यामुळे आयुष्यातून उठला. म्हणजे तो पाण्यात नव्हता, साहेबासमोर होता, पण तत्त्व तेच." पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कानात घालायला तेलाचा बोळा सांगितला. तळमजल्यावरच्या वकिलांनी मृत्युपत्र केलंय का, असं अगदी आपुलकीनं विचारलं. हेडक्लार्कांना दोन रात्री झोप लागली नाही. कागद अडलाय याचं त्यांना मनातल्या मनात किंचित बरंही वाटू लागलं होतं.

पण ते बरं वाटणं केमिस्टांना दिसलं. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हेडक्लार्कांचा चेहरा म्हणजे छापील मजकूर होता. चोवीस तारखेला ते कार्यालयात आले आणि अभ्यागताच्या खुर्चीवर बसले.

"परवाना?"

"त्रुटी आहे. पूर्तता झालेली नाही."

"कोणी करायची?"

"अर्जदारानं."

"अर्जदार कोण?"

हेडक्लार्क टेबलावरची टाचणी इकडून तिकडे करत राहिले.

केमिस्ट चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "तुला यायचंच नव्हतं, त्रुट्या. आधीही कधी नव्हतं. मी आपला उगाच बाकड्यावर धरून बसलो होतो." आणि दुखरा गुडघा सांभाळत जिना उतरून गेले.

हेडक्लार्कांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. असं यापूर्वी एकदाच झालं होतं, आणि तेव्हा डबा ठेवलेल्या कपाटाची किल्ली घरी राहिली होती. समोर कलम चार होतं, त्यांच्याच हातचं. ते लिहिताना त्यांना लोकांचा जीव वाचवायचा होता, हे खरं. पण आणखी एक खरं होतं. पाण्याची त्यांना स्वतःला भीती वाटत होती, आणि आपण घाबरतो तिथे दुसऱ्या कुणी जाऊ नये, असं त्यांना वाटलं होतं. ही गोष्ट मान्य करायला त्यांना बारा वर्षं आणि एक उपाशी दुपार लागली.

मग त्यांनी टिपणी लिहायला घेतली. नियमात एक पळवाट होती. साहेब 'विशेष बाब म्हणून' मंजुरी देऊ शकत. पण त्यासाठी हेडक्लार्कांनी शिफारस करायला हवी होती, आणि एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचीही शिफारस केलेली नव्हती. 'विशेष बाब' हे शब्द त्यांनी इतक्यांदा खोडले, की पहिला कागद फाडावा लागला.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. "कलम चार सदोष आहे, असं लिहिलंय तुम्ही."

"होय, साहेब."

"कुणी घातलं होतं हे कलम?"

"मीच."

साहेबांनी मान वळवून मागच्या प्रशस्तिपत्रकाकडे पाहिलं, मग हेडक्लार्कांकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः जाणार आहात? घळीत?" त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि थोडी उत्सुकताही. त्यांनी सही केली. परवान्याचं नवं कोरं पुस्तक बारा वर्षांनी उघडलं गेलं. त्याची पानं एकमेकांना चिकटली होती.

हेडक्लार्क परवाना घेऊन तडक केमिस्टांकडे गेले. केमिस्ट पेट्या भरत होते. त्यांनी कागद उजेडात धरून वाचला, नीट घडी केली आणि म्हणाले, "सकाळी सहाला निघायचं. उशीर केलास तर त्रुटी काढीन." सत्तावीस तारखेला तिघं निघाले.

नदीवर गाईडबाई वाट पाहत होत्या. तिशी-पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, आवाज असा की पलीकडच्या काठावर लिहून घेता यावं. वडिलांच्या होडीतून त्या लहानपणापासून ही घळ उतरत आल्या होत्या. गेली बारा वर्षं मात्र त्या घळीच्या वरच्या संथ पाण्यात लोकांना फिरवून पोट भरत होत्या. त्यांनी परवाना हातात घेतला, साहेबांच्या सहीशेजारची हेडक्लार्कांची सही पाहिली आणि आत जाऊन एक फुगलेली फाईल घेऊन आल्या.

"चौदा अर्ज केले मी," त्या म्हणाल्या. "चौदा पत्रं आली. प्रत्येकावर हीच सही. मला वाटायचं, हा माणूस असेल तरी कसा. तुम्ही होय ते?"

"मीच," हेडक्लार्क म्हणाले. एका आठवड्यात हा कबुलीजबाब दुसऱ्यांदा देत होते.

गाईडबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. लाइफ जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं आणि पट्टे जरा जास्तच जोरानं आवळले. "पोहता येतं?"

आता खोटं बोलून चालणार नव्हतं. "नाही."

मास्तर आणि केमिस्ट एकदम वळले. "काय?" केमिस्ट म्हणाले. "आणि तरी आलास?"

"आलो."

 होडीत पुढे कुणी बसायचं ठरत होतं, तेव्हा केमिस्ट आपण होऊन मागे बसले. मास्तर गाईडबाईंच्या होडीत गेले.

निघण्यापूर्वी गाईडबाईंनी सूचना दिल्या. हेडक्लार्कांनी त्या कलमवार लिहून घेतल्या, प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या आणि गळ्यात अडकवल्या. घळीत तीन उतार होते. पहिले दोन सोपे. "तिसरा जपून," गाईडबाई म्हणाल्या. "तिथे पाणी खडकावरून पडतं आणि उलटं फिरतं. पुढे गेलेलं सगळं परत मागे पाठवतं. बारा वर्षांपासून मी त्याला 'परवाना कार्यालय' म्हणते. तिथे विचार करत थांबायचं नाही. जोरात वल्हवायचं आणि पार व्हायचं. थांबलात की परत मागे."

मास्तर इतके हसले, की त्यांचं हेल्मेट डोळ्यांवर आलं.

पहिल्या उताराला हेडक्लार्कांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा उतार संपला होता आणि ते नखशिखांत भिजले होते. दुसऱ्या उताराला त्यांनी एक डोळा उघडा ठेवला. पाणी अंगावर आलं, होडीचं नाक वर गेलं, खाली आलं, आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. ती किंकाळी असावी असं केमिस्टांना वाटलं. पण ते हसू होतं. वरच्या कड्यांमधून आकाशाची निळी पट्टी दिसत होती, पाण्याचा गार वास येत होता, आणि बँक मॅनेजरांचा सल्ला साफ विसरून त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपण हे पंचावन्न वर्षं का केलं नाही, असं त्यांना वाटलं. बारा वर्षं इतरांनाही का करू दिलं नाही, हे लगेच त्याच्या मागोमाग वाटलं, आणि ते जास्त लागलं.

मग तिसरा उतार आला. गाईडबाईंची होडी सपकन पार झाली. पलीकडून त्या ओरडल्या, "मारा! मारा!"

आणि हेडक्लार्क थांबले. मारायचं म्हणजे डावीकडून की उजवीकडून, हे सूचनेत नमूद नव्हतं. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि गळ्यातला कागद हातात घेतला.

"त्रुट्या, वाचतोयस काय!" केमिस्ट ओरडले.

परवाना कार्यालयानं होडी अडवली, मागे ओढली, एक गिरकी दिली, अर्ज फेटाळल्यासारखी पालथी केली आणि दोघांनाही खाली सोडून दिलं.

पाण्याखाली सगळं हिरवं आणि फार गोंगाटाचं होतं. हेडक्लार्क वर आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट उरली होती, आणि ती स्वतःच्या अक्षरात होती. 'कलम सात. होडी उलटल्यास पाठीवर व्हावे. पाय पुढे ठेवावेत. उभे राहू नये. वल्हे सोडू नये.' आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसानं हाही पाळला. ते पाठीवर झाले, पाय पुढे केले, आणि नदीनं त्यांना उचलून नेलं. शेजारून केमिस्ट उलटेसुलटे वाहत चालले होते. हेडक्लार्कांनी वल्हं लांब केलं. "धर! पाठीवर हो! पाय पुढे!"

केमिस्टांनी वल्हं धरलं. दोघं खडकांच्या मधून वाहत खालच्या संथ डोहात येऊन पोचले आणि तिथे आकाशाकडे बघत तरंगत राहिले. 

"त्रुट्या," शेवटी केमिस्ट धापा टाकत म्हणाले, "वल्हं कसं नाही सुटलं तुझं?"

"सोडू नये, असं लिहिलंय."

केमिस्टांना हसू फुटलं. इतकं, की नाकातोंडात पाणी गेलं आणि हेडक्लार्कांनी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरून ठेवला. पट्टा हातात असतानाच ते म्हणाले, "तू गेलास की मला फार चुकल्यासारखं होणार आहे. रविवारी कुठे जायचं ते मला कळणार नाही."

"मलाही नाही," केमिस्ट म्हणाले.

गाईडबाईंनी दोघांना काठावर ओढलं, हातपाय शाबूत आहेत ना ते पाहिलं आणि ओल्या हातांनीच तीन दाखले लिहून दिले: 'सदर घळीतून एकदा सुरक्षित प्रवास केला आहे.' 'सुरक्षित' हा शब्द लिहिताना त्यांनी हेडक्लार्कांकडे बघितलं, पण लिहिला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात हेडक्लार्कांनी कलम चार रद्द करण्याचा प्रस्ताव तयार केला. त्याऐवजी काय असावं, ते गाईडबाईंना विचारून लिहिलं: जाणकार गाईड, लाइफ जॅकेट, हेल्मेट, आणि सूचना तोंडपाठ, कागदावर नकोत. मग त्यांनी बाईंचे चौदा अर्ज कपाटातून काढले, धूळ झटकली आणि एकेक करून साहेबांकडे पाठवले. चौकटीतलं प्रशस्तिपत्रक तिथेच राहिलं, फक्त साहेबांनी खुर्ची थोडी सरकवून घेतली.

तीस तारखेला सकाळी केमिस्टांच्या दारात गाडी उभी राहिली. पेट्या चढल्या. मास्तरांनी गच्चीच्या उताराचा कोन काढलेला एक कागद आठवण म्हणून दिला. केमिस्ट आत बसले, तेव्हा हेडक्लार्कांनी खिडकीतून एक शासकीय लिफाफा पुढे केला.

आत परवाना होता. केमिस्टांच्या नावाचा, पुढच्या वर्षीच्या याच आठवड्याचा. पूर्वी गेल्याचा दाखलाही टाचलेला होता, पुढच्या वर्षी त्याची गरज पडणार नसली तरी. आणि खाली लाल शाईत शेरा होता: 'एक त्रुटी. अर्जदार गावात नाही. वर्षाच्या आत पूर्तता करावी. मुदतवाढ मिळणार नाही.'

केमिस्टांनी तो दोनदा वाचला. मग परवाना खिशात ठेवून तिथलंच पेन काढलं, रिकामा लिफाफा गुडघ्यावर ठेवला, त्याच्या पाठीवर भराभरा काहीतरी लिहिलं आणि परत दिला. गाडी सुरू झाली.

हेडक्लार्कांनी लिफाफा डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा धरला. चाळीस वर्षं डॉक्टरांमध्ये काढलेल्या माणसाचं अक्षर होतं ते.

"अरे, काय लिहिलंयस?" ते गाडीबरोबर चार पावलं धावत म्हणाले. "वाचता येत नाही!"

"मग काढ त्रुटी!" केमिस्ट खिडकीतून ओरडले.

गाडी कोपऱ्यावरून वळली. हेडक्लार्कांनी लिफाफा पुन्हा एकदा पाहिला. एकही अक्षर लागलं नाही. मग त्यांनी लाल पेन काढलं, त्या मजकुराखाली 'पूर्तता समाधानकारक' असं लिहून सही केली, आणि लिफाफा शर्टाच्या खिशात ठेवून मास्तरांना म्हणाले, "चल, पोहायचा तलाव किती वाजता उघडतो ते विचारून येऊ."